उलट्या पायांचं स्टेशन

भूत ओळखायची रीत मला शाळेत नाव घालायच्या आधीपासून ठाऊक होती. तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. टाच पुढं आणि बोटं मागं असली की समजून जायचं. आजी हे सांगताना स्वतःचे पाय लुगड्यात ओढून घ्यायची, आणि आम्ही भावंडं कंदिलाच्या उजेडात तिचेच पाय दिसतात का म्हणून वाकायचो. मराठी घरात वाढलेल्या कुणालाच ही खूण नवी नाही. आमच्या आजीकडे मात्र त्या खुणेला जोडून एक पत्ता होता. "आमचं आख्खं ठेसनच उलट्या पायाचं," ती म्हणायची.

ते स्टेशन म्हणजे बोरघाटातलं, खंडाळ्याच्या अलीकडचं रिव्हर्सिंग स्टेशन. आजीच्या तोंडी त्याचं ‘रिवरसिन’ झालं होतं, आणि ते एखाद्या गावाचं नाव असावं अशा सहजतेनं ती ते घ्यायची. पेण, पाली, रिवरसिन. तिचे वडील तिथं सांधेवाले होते. आजीचा जन्म १९१८चा, आणि स्टेशन बंद झालं १९२९ साली. म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत तिनं जे पाहिलं, ऐकलं, तेवढ्याच भांडवलावर तिनं पुढची साठ वर्षं आम्हाला गोष्टी पुरवल्या. मागं कातळ, पुढं दरी, मधे रूळ आणि रुळांना खेटून दोन खोल्या. पावसाळ्यात चार महिने धुकं इतकं, की स्वतःचा हात पुढं केला तर तो दुसऱ्याचा वाटायचा. अशा जागी भूत नसतं तरच नवल.

स्टेशन उलटं कसं असतं ते सांगायला हवं, कारण आता ते पाहिलेलं कुणी उरलेलं नाही. बोरघाट म्हणजे सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण. सर्वांत कठीण ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट चढ. आपल्याला ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला विचारा. मुंबईकडून धापा टाकत आलेली गाडी डोंगराच्या एका सोंडेवर पोचायची, आणि तिथं वळायला जागाच नसायची. मग इंजिनियरांनी युक्ती काढली. रूळ सोंडेच्या टोकापर्यंत सपाट न्यायचे, गाडी तिथं उभी करायची, पुढचं इंजिन सोडवून मागच्या टोकाला जोडायचं, आणि सांधा बदलून गाडी वरच्या दुसऱ्या रुळांवर घालायची. आली त्याच्या उलट तोंडानं ती निघायची. डोंगरातली पायवाट चढते तसाच हा प्रकार, फक्त वळणाच्या जागी थांबा. कसाऱ्याच्या वर थळघाटातही अशीच सोय होती.

तर पुढचं मागं आणि मागचं पुढं. आजी सांगायची, तांबडा दिवा एका टोकाचा काढून दुसऱ्या टोकाला लावायचा, तेवढ्यात चहावाला आणि पाण्याची बादली घेतलेला माणूस गाडीच्या कडेनं फिरून यायचे. ज्या डब्यातले लोक सगळ्यांत पुढं होते ते शेवटी गेलेले असायचे. तोंडावर वारा घेत बसलेल्याच्या पाठीला वारा लागायचा. आणि रात्रीच्या गाडीत हमखास एखादा झोपलेला माणूस नेमका याच वेळी जागा व्हायचा, खिडकीतून बघायचा, गाडी आल्या वाटेनं परत निघालेली दिसायची, आणि "अरे, गाडी माघारी चालली मुंबईला!" म्हणून बोंब ठोकायचा. एकदा एक म्हातारे गृहस्थ पुण्याच्या लग्नाचे बुंदीचे डबे घेऊन खाली उतरले ते परत गाडीत बसेचनात. आजीच्या वडिलांनी त्यांना हाताला धरून बसवलं. चकव्याची सगळी लक्षणं तीच: माणूस चालतो चालतो आणि निघाला तिथंच येतो. चकव्यावर उपाय एकच सांगितलेला आहे, जागच्या जागी बसून उजाडायची वाट बघायची. इथं फक्त दहा मिनिटं थांबायचं होतं. तेवढाही धीर माणसाला नसतो.

या घाटाचा इतिहास वाचायला मी पुष्कळ उशिरा लागलो. नोकरीत असेपर्यंत मी घाट हजारदा ओलांडला असेल, पण तो पेपर वाचत किंवा पत्ते खेळत. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्यानंतरची दहा वर्षं कुणी सांगत नाही. १८५६ त रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधे घाट तसाच उभा. म्हणजे मुंबईचा माणूस गाडीनं खोपोलीला यायचा, तिथून पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचा, आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. जवळजवळ पाच वर्षं हा खेळ चालला. मला हे चित्र फार आवडतं. खाली एक इंजिन फुसफुसतंय, वर दुसरं, आणि मधल्या चढावर तीच जुनी बैलाची घंटा.

त्या काळी लोकांनी गाडीला ‘चाक्या म्हसोबा’ म्हटलं असं सांगतात. म्हसोबा म्हणजे शेंदराचा दगड, शिवेवर बसणारा, खुशीत असला तर राखणारा आणि बिघडला तर बोकड मागणारा. त्याला चाकं लावली की झाली आगगाडी. हसण्यासारखं यात काही नाही. शिकलेल्यांची तऱ्हा फार निराळी होती असंही नाही. १८५४ त कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी मराठीत रेल्वेवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’. एकानं नारळ फोडला, दुसऱ्यानं पुस्तक लिहिलं.

घाटातलं काम १८५६ त सुरू झालं. जेम्स बर्कले हा जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य इंजिनियर, मार्ग त्यानं आखला. पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल. कड्यावर उभं राहायलाही जागा नाही अशा ठिकाणी मजुरांना वरून दोराला बांधून सोडत. ते लोंबकळत पहारीनं भोकं पाडायचे, सुरुंगाची दारू ठासायचे, वात पेटवायचे, आणि वरच्यांनी वेळेवर ओढून घेतलं तर वर यायचे. १८६१ च्या सुरुवातीला एका वेळी ४२ हजारांवर माणसं या घाटात काम करत होती. बायका, पोरं धरून. दोन वर्षं पटकी आली ती झोपड्यांच्या झोपड्या रिकाम्या करून गेली. सात-आठ वर्षांत मेलेल्यांचा आकडा अभ्यासक २५ हजारांच्या आसपास धरतात. हा अंदाज आहे, कारण मोजलं कुणी नाही. खर्च मोजला, दगड घनफुटात मोजला, बोगद्यांची लांबी यार्डांत मोजली.

मरण साहेबालाही सुटलं नाही. पहिला ठेकेदार फॅव्हिएल १८५९ त काम सोडून गेला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ठेका स्वतःच्या नावावर चालवला आणि दोन इंजिनियर हाताशी धरून काम तडीस नेलं. नवरा गेलेली, परक्या मुलखातली बाई, आणि हाताखाली चाळीस हजार माणसं. हिच्यावर आपल्याकडे नाटक कसं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. १८६३ च्या २१ एप्रिलला गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाट खुला झाला, तेव्हा बर्कले हयात नव्हता. आदल्या वर्षीच तो इंग्लंडात वारला होता. आपण आखलेल्या वाटेवरून गाडी गेलेली त्यानं पाहिलीच नाही. इच्छा राहून गेलेला माणूस समंध होतो या हिशेबानं घाटातला पहिला मान त्याचाच. पण आजीच्या गोष्टींत एकही गोरा साहेब नव्हता. घोड्यावरचा नाही, टोपीवाला नाही, दिवा घेऊन फिरणारी मडमही नाही. आता खंडाळ्याच्या बंगल्यांतून ज्या गोष्टी पर्यटकांना सांगतात त्यांत मडम असतेच.

आजीच्या गोष्टीतली भुतं सगळी कामावरची होती.

आपल्याकडे भुतांना जात असते, पत्ता असतो, खोड असते. मुंजा पिंपळावर राहणार, हडळ पाणवठ्यावर, वेताळ पालखीतून निघणार. रेल्वेच्या भुतांना आजीनं हुद्दे दिले होते. एक होता पहारीवाला. तो दिसायचा नाही, बोगद्यात नुसता आवाज यायचा, टण, टण, आणि मोजला तर दर वेळी एक ठोका कमीच भरायचा. एक बाई होती, डोक्यावर पाटी घेतलेली. ती रुळाच्या कडेनं चढावर चालायची आणि गाडी आली की पाटी उतरवायला कुणी हात देतं का म्हणून थांबायची. पाटी अजून डोक्यावरच आहे. पोरं धरून नेणारा एक होता, पण तो भूत नव्हे, मुकादम. पूल उभा राहायचा तर पायात पोर घालावं लागतं, ही भीती तेव्हा जिथं जिथं पूल बांधले गेले तिथं तिथं पसरलेली होती. आजीच्या आईनं तिला संध्याकाळी पुलाकडे कधी फिरकू दिलं नाही, आणि पूल तर बांधून साठ वर्षं झालेली. योगायोग असा, की घाटातला एक मोठा पूल उघडल्यावर चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, कोसळला होता. कारण साधं होतं, दगडी बांधकाम कच्चं. पण कच्च्या बांधकामाला लोक कच्चं बांधकाम म्हणून थोडेच थांबतात? बळी कमी पडला, म्हणतात.

आणि मग हजेरीवाला. हे आजीचं खास भूत, बाकी कुठल्या गोष्टीत मला ते भेटलेलं नाही.

आजीचे वडील रात्रपाळीला हातबत्ती घेऊन सांध्याशी उभे असायचे. पहाटेची मालगाडी यायच्या आधी, धुकं सगळ्यांत दाट असतं त्या वेळी, बोगद्याच्या तोंडातून एक माणूस यायचा. डोक्यावर घोंगडी. आधी तंबाखू मागायचा. भूत तंबाखू मागतं हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तेव्हा त्यात नवं काही नाही. चिमूट द्यायची, हाताला हात लागू द्यायचा नाही. तंबाखू मळून झाली की तो विचारायचा, "माझी हजेरी लागली का?"

त्याला उत्तर द्यायचं, "लागली."

"आणि नाही म्हटलं तर?" आम्ही विचारायचो. दर वेळी विचारायचो, उत्तर पाठ असूनही.

"नाही म्हटलं तर बसतो. रुळावर बसून राहतो. उठवला तरी उठत नाही. आणि तिकडनं गाडीची शिट्टी झालेली असते."

त्या बसून राहण्याची मला फार भीती वाटायची. धावत येणारं, मानगूट धरणारं भूत परवडलं. हा काहीच करत नाही, नुसता बसतो. माझ्या आजोळी सावकाराकडं पैसे अडकलेला एक माणूस ओसरीवर येऊन असाच दिवसभर बसलेला मी पाहिला होता. त्यानं पाणीही मागितलं नाही. संध्याकाळपर्यंत घरातल्या बायका हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एका ग्रंथालयात मी घाटाच्या बांधकामाबद्दल वाचत बसलो होतो, आणि १८५९ सालावर येऊन थांबलो. पहिल्या ठेकेदाराच्या काळात मजुरांची मजुरी थकली होती. वरचा ठेकेदार, त्याखाली लहान ठेकेदार, त्याखाली मुकादम, अशा उतरंडीतून पैसा झिरपत खाली यायचा आणि बहुतेकदा मधेच आटायचा. त्या वर्षाच्या सुरुवातीला मजूर बिथरले. काम थांबलं, दंगा झाला, त्यात एक गोरा मारला गेला, आणि पुढं दोनच महिन्यांत त्या ठेकेदाराचा ठेका संपला. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन चहा घेतला. आजी मराठी तिसरी शिकलेली. तिच्या वडिलांना सही येत होती, बस. हा दंगा त्यांच्यापैकी कुणी वाचलेला नाही. दंग्यात मजुरीसाठी उठलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव मला त्या पुस्तकात सापडलं नाही. आजीच्या हजेरीवाल्यालाही नाव नव्हतंच. पण त्याला काय हवंय ते तिला पक्कं माहीत होतं.

त्याच सुमाराला इंग्लंडात चार्ल्स डिकन्सनं बोगद्याच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या भुताची गोष्ट लिहिली, १८६६ साली. तो स्वतः आदल्या वर्षी एका भीषण रेल्वे अपघातातून वाचलेला होता. त्याचं भूत सिग्नलवाल्याला येणाऱ्या संकटाची खूण करतं. ती गोष्ट उत्तम आहे, अंगावर काटा आणणारी. फक्त ते भूत पुढच्या अपघाताचं आहे. आमचं मागच्या पगाराचं.

घाटाला एक देवही आहे, आणि तोही मेलेला माणूसच. खोपोलीहून जुन्या रस्त्यानं वर जाताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. शिंग्रोबा धनगर. साहेबाला घाटातली वाट सापडेना, तेव्हा मेंढरं चारणाऱ्या शिंग्रोबानं ती दाखवली. साहेब खूश झाला, म्हणाला, काय पाहिजे ते माग. शिंग्रोबा म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत दे. साहेबानं गोळी घातली. गोष्ट एवढीच. ही वाट रुळांची की सडकेची, यावर लोक भांडतात; सडक १८३० त झाली, रूळ पुढं तेहतीस वर्षांनी. लोककथेला तारखेशी घेणं नसतं. तिला घाट आणि माणूस पुरतो. वरून जाणारे ट्रकवाले, एसटीवाले चालत्या गाडीतून तिथं नाणं टाकतात. मीही टाकतो. साहेबाकडं माणसानं जे मागितलं ते त्या काळच्या कुठल्याच सरकारी अर्जात सापडायचं नाही, म्हणून तरी टाकतो. एक्स्प्रेस-वे झाल्यापासून बहुतेक गाड्या शिंग्रोबाला चुकवून जातात. याच घाटातला ब्रिटिशांच्या वेळचा पूल, ज्याला पुढं बामच्या जाहिरातीवरून अमृतांजन पूल म्हणायला लागले होते, तोही २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळे घरात बसलेले असताना, सुरुंग लावून पाडला. त्याला कुणी नाणं टाकल्याचं मी पाहिलं नाही.

१९२९ साली घाटात वीज आली. मार्ग नव्यानं आखला, नवे बोगदे पाडले, आणि गाड्यांनी उलटं फिरायचं सोडलं. रिव्हर्सिंग स्टेशन एका दिवसात निकामी झालं. दुसऱ्या वर्षी, १९३० च्या १ जूनला, डेक्कन क्वीन सुरू झाली; थांबणं तिला मानवणारंच नव्हतं. आजीचं बिऱ्हाड कर्जतला आलं. तिच्या वडिलांना तिथं बँकरच्या कामावर घातलं. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जोडतात ती इंजिनं. आजही पुण्याकडे जाणारी जड गाडी कर्जतला त्यासाठीच थांबते, आणि तेवढ्यात लोक वडे खाऊन घेतात. "वीज आली तरी मागनं ढकलावंच लागतं," असं ते मरेपर्यंत समाधानानं म्हणत असत.

विजेची पहिली मालगाडीची इंजिनं स्वित्झर्लंडच्या कारखान्याच्या धाटणीची होती. दोन्हीकडं लांब सोंडा, मधे केबिन, बाजूला वरखाली होणारे दांडे. लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं. खेकड्याची एक गंमत होती. तो उभा असला की कण्हायचा. खरंच कण्हायचा, रेल्वेच्या जाणत्यांनी तशी नोंद केली आहे. चालताना सळसळ आणि उभा राहिला की कण्हणं. कर्जतच्या यार्डात रात्री चार खेकडे उभे असले की आजीच्या आईला झोप लागायची नाही. तिचं म्हणणं, रिवरसिन बंद केलं तेव्हा तिथली सगळी बिचारी गाडीत बसून खाली आली, आता जायचं कुठं? शास्त्राच्या दृष्टीनं याला अर्थ नाही. स्थलांतराच्या दृष्टीनं पुष्कळ आहे. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा ठेवलेला आहे. मी नातवाला घेऊन गेलो होतो. पोरं दांड्यांवर चढून फोटो काढत होती. त्याला कान लावून पाहिला. काही नाही, उन्हानं तापलेलं लोखंड.

अलीकडे भुताच्या स्टेशनांच्या याद्या फार निघतात. देशातली दहा झपाटलेली स्टेशनं, वीस झपाटलेली स्टेशनं. बंगालमधलं पुरुलिया जिल्ह्यातलं बेगुनकोदर त्यात पहिलं असतंच. १९६७ त तिथल्या स्टेशन मास्तरला रुळावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणे, कुणी तिथं नोकरी करेना, आणि स्टेशन बेचाळीस वर्षं बंद राहिलं, ते २००९ त उघडलं. एवढ्या वर्षांत आसपासच्या माणसांनी गाडीसाठी किती पायपीट केली असेल, ते त्या याद्यांत नसतं. पांढरी साडी मात्र सगळ्या याद्यांत सारखीच, एकाच लाँड्रीतून आल्यासारखी. मला या बाईची कीव येते. तिला काम नाही, गाव नाही, मागणं नाही. ती फक्त दिसते. आजीसमोर ती आली असती तर आजीनं विचारलं असतं, बाई, तू कुणाची, तुला पाहिजे काय?

गेल्या पावसाळ्यात मी कर्जतला एका ओळखीच्या घरी गेलो होतो. तिथं घाटात पस्तीस वर्षं गँगमन म्हणून काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल: घाटातल्या केबिनींची नावं ते पोथी म्हणावी तशी म्हणत होते. रात्रीची गस्त कशी असते ते त्यांनी सांगितलं. पाठीवर सामान, हातात बत्ती, खिशात फटाके. दरड दिसली तर रुळावर फटाके लावून गाडी थांबवायची. उतारावरच्या कॅच सायडिंगची गोष्ट सांगितली: गाडी काबूत आहे याची खात्री पटेपर्यंत तिचा रस्ता समोरच्या चढाच्या आंधळ्या रुळाकडेच लावून ठेवलेला असतो, सुटली तर तिकडे जाऊन थांबेल. मला ते ऐकताना वाटलं, इतका पुढचा विचार करून ठेवलेली जागा आपल्या आयुष्यात कुठं असते? ते मी बोललो नाही. मी विचारलं, "भूत?"

ते हसले. "कसलं भूत! दरड. आम्हाला भ्या दरडीचं. वरनं खडा घरंगळला तरी छातीत धस्स व्हायचं."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली. मग म्हणाले, "नवं पोरगं गँगला लागलं की पहिल्या रात्री आम्ही त्याला एक सांगायचो. बोगद्यापाशी कुणी हजेरी विचारली तर ‘लागली’ म्हणायचं. नाही म्हणायचं नाही."

माझा कप हातातच राहिला. आजीचं नाव मी काढलेलं नव्हतं. तिचे वडील ज्या स्टेशनवर होते ते या गृहस्थांच्या जन्माआधी बंद झालेलं.

"आणि लागली म्हटल्यावर तो काय करतो?" मी विचारलं. आजीला हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला कधी सुचलं नव्हतं.

"काय करणार," ते म्हणाले. "जातो कामावर."